कांद्याच्या सालींचा रंग सुती कापडावर टिकवायचा कसा? (मांजरपाट, रंगारीण आणि हिराकस ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

मांजरपाट: 200 ग्रॅम कोरा मांजरपाट कांद्याच्या सालींनी रंगवायचा आहे. रंग पक्का व्हायला मीठ आणि व्हिनेगर पुरे का? हळदही चालेल का?

रंगारीण: दोन्ही नकोत. मीठ बाजारच्या काही रंगांना सुतावर चढायला मदत करतं, व्हिनेगर लोकर-रेशमाच्या ॲसिड रंगांना. सुतावर सालींचा रंग धरून ठेवते ती तुरटी, आणि तुरटी सुतावर नीट बसावी म्हणून आधी हिरडा.

पण सगळ्यात आधी खळ आणि सुतातलं मेण काढा. 10 ग्रॅम धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) घालून भरपूर पाण्यात तासभर उकळा. पाणी पिवळट-तपकिरी होईल. धुतल्यावर कापडावर थेंब टाकून पाहा; तो लगेच जिरला नाही तर पुन्हा उकळा. डाग-डाग रंग बहुतेक वेळा इथेच घडतो.

मग 40 ग्रॅम हिरडा पूड गरम पाण्यात कालवून कापड रात्रभर भिजवा, नुसतं पिळून वाळवा. दुसऱ्या दिवशी 30 ग्रॅम तुरटी कुटून गरम पाण्यात विरघळवा. 4 ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळा विरघळवून त्यात थोडा थोडा ओता. फसफसतं, म्हणून भांडं मोठं घ्या. त्यात कापड रात्रभर ठेवून हलकं खळबळा.

साली कापडाच्या वजनाइतक्या, म्हणजे 200 ग्रॅम सुक्या. एवढ्या घरी साठत नाहीत, भाजीवाल्याकडे मागा. तासभर उकळून फडक्यातून गाळा, ओलं कापड घाला, मंद आचेवर तासभर हलवत राहा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. सावलीत वाळवा. भांडं स्टीलचं आणि स्वयंपाकातून कायमचं बाद केलेलं हवं.

हिराकस: लोखंडी कढई अजिबात नको, पिवळा-केशरी रंग मळकट होतो. गडद शेवाळी छटा मुद्दाम हवी असेल तर रंगवलेलं ओलं कापड 2 ग्रॅम हिराकस (लोखंडाचा क्षार, फेरस सल्फेट) घातलेल्या कोमट पाण्यात पाचेक मिनिटं, सतत हलवत. खाली हिरडा असल्यामुळे रंग झपाट्याने काळवंडतो. मनासारखी छटा दिसताच काढून धुवा. हिराकस वाढवू नका, जास्त लोखंडाने सूत कालांतराने विरतं. हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा.

मांजरपाट: आणि हळद?

रंगारीण: चढते झकास, टिकत नाही. उन्हात विटते, आणि साबण लागला की लाल होते, कारण साबण अल्कधर्मी. पिवळाच हवा तर डाळिंबाची सुकी सालं 100 ग्रॅम, कृती वरचीच. त्यात हिरड्यासारखंच टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर, त्यामुळे हिरडा वगळला तरी चालतं. धुताना रिठा वापरा.

हिराकस: कापडात पॉलिस्टर नाही ना, तेवढं पाहा. कडेचा धागा जाळून बघा: सूत कागदासारखं जळून राख होते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी धरतं. पॉलिस्टरच्या धाग्यावर या सालींचा रंग नीट चढणार नाही.