शब्दचर्चा: सिटिझन्स असेंब्लीला 'नागरिक सभा' म्हणावं का?

मुक्ता: सिटिझन्स असेंब्ली, म्हणजे एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर विचार करून शिफारस करायला सोडतीने निवडलेल्या सामान्य नागरिकांचा गट. त्यासाठी लेखात 'नागरिक सभा' वापरते आहे. चालेल ना? आणि 'डेलिबरेटिव्ह डेमॉक्रसी'ला, म्हणजे लोकांनी माहिती घेऊन, एकमेकांशी बोलून मत बनवण्याच्या लोकशाहीला, काय म्हणावं?

सदानंद: 'सभा' म्हटलं की जाहीर सभा नाहीतर ग्रामसभा डोळ्यांपुढे येते. ग्रामसभेत गावातला प्रत्येक मतदार बसू शकतो. इथे मोजकी माणसं, तीही सोडतीने. २०१६च्या आयर्लंडच्या असेंब्लीत ९९ नागरिक होते, अध्यक्ष न्यायमूर्ती मेरी लॅफॉय. गर्भपातबंदीची आठवी घटनादुरुस्ती बदलण्याची असेंब्लीची शिफारस आधी संसदेच्या समितीकडे गेली, मग २५ मे २०१८ला सार्वमत झालं आणि बदलाला ६६.४ टक्के मतं पडली. मी 'सोडत-सभा' लिहीन. म्हाडा आणि प्रभाग आरक्षणामुळे सोडत घरोघरी माहीत आहे.

मुक्ता: पण सदानंदकाका, वाचकाला हा नशिबाचा खेळ वाटेल.

अनघा: मग सोडत कशी निघते ते एका वाक्यात सांगूनच टाक. बऱ्याच देशांत आधी हजारो घरांना पत्रं जातात. होकार थोडे येतात, त्यांत शिकलेले आणि राजकारणात रस असलेले जास्त. म्हणून होकार देणाऱ्यांतून वय, लिंग, प्रदेश, शिक्षण यांचं प्रमाण लोकसंख्येशी जुळेल अशी दुसरी सोडत काढतात. इथे ढिलाई झाली की सगळंच नासतं: आयर्लंडमध्ये २०१८च्या सुरुवातीला बदली म्हणून घेतलेले ७ सदस्य नियमाप्रमाणे निवडलेले नव्हते, त्यांना वगळावं लागलं.

'डेलिबरेटिव्ह डेमॉक्रसी'ला 'चर्चात्मक लोकशाही' म्हणणं मला अजिबात पटत नाही, चर्चा तर टीव्हीवरही रोज होते. 'विचारविनिमयी' लिही. तज्ज्ञांची मांडणी, त्यांना प्रश्न, सात-आठ जणांच्या टेबलावर बोलणं, शेवटी गुप्त मतदान, हे सगळं त्यात येतं. टेबलावरचा सूत्रसंचालक कच्चा असेल तर दोन बोलके गडी बाकीच्यांना गप्प करतात.

सदानंद: आणि 'निर्णय' नको, 'शिफारस' लिही. हवामानबदलावरच्या फ्रान्सच्या अशाच सभेत सोडतीने निवडलेल्या १५० नागरिकांनी १४९ प्रस्ताव दिले. राष्ट्राध्यक्ष मॅक्रों यांनी तीन लगेच नाकारले, कायदा होताना आणखी बरेच पातळ झाले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात निवडणूक पद्धत बदलायच्या अशाच सभेच्या प्रस्तावाला २००५च्या सार्वमतात ५७.७ टक्के पाठिंबा मिळूनही ६० टक्क्यांच्या अटीमुळे तो पडला. आपल्या राज्यघटनेत तर सार्वमताची तरतूदच नाही. घटनादुरुस्ती कलम ३६८प्रमाणे संसदच करणार. भारतात अशी सभा बसली, तर तिच्या शिफारशींवर सभागृहाने उत्तर देणं बंधनकारक हवं.

अनघा: पूर्व बेल्जियमच्या जर्मनभाषक प्रदेशात २०१९पासून नेमकी तीच व्यवस्था कायमची आहे. शिफारस नाकारायची तर त्या प्रदेशाच्या संसदेला कारण द्यावं लागतं.

मुक्ता: मग पहिल्या उल्लेखात 'सोडतीने निवडलेली नागरिक सभा', पुढे नुसतं 'सोडत-सभा'.