रविवारी क्लबहाउस मिळेल का? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

मंजिरी, बी-३०४:
नमस्कार मंडळी. आपल्याकडे सफाईला येणाऱ्या मावशींची मुलगी बारावी होऊन घरी बसली आहे. काल तिच्यासोबत नोकरीचा फॉर्म भरायला बसले. राज्याचं महास्वयं हे नोकरीचं पोर्टल तिला माहीत होतं, हातात फोनही होता. अडलं ते ओटीपीवर. आधारला वडिलांचा जुना नंबर, ते सिम केव्हाच बंद पडलंय. त्यात आधारवर नाव एक आणि दहावीच्या मार्कशीटवर दुसरं. "जाऊ दे ना काकू" म्हणून तिने फोन बाजूला ठेवला. आपले वॉचमन, ड्रायव्हर, मावशी, सगळ्यांच्या घरात अशी मुलं आहेत. रविवारी सकाळी क्लबहाउस मिळालं तर लॅपटॉप-प्रिंटर घेऊन मी बसते.

अनिकेत, ए-७०१:
ताई, मस्त. एक साधं अ‍ॅप करू का? एकीकडे मुलांचं शिक्षण, दुसरीकडे आपापल्या कंपन्यांतल्या जागा.

मंजिरी, बी-३०४:
अ‍ॅप नको रे. केंद्राचं एनसीएस हे नोकऱ्यांचं पोर्टल २०१५ पासून आहे, स्किल इंडिया डिजिटल हब २०२३ मध्ये आलं, राज्याचं महास्वयं आहेच. जागा दिसतात. मुलं त्याच्या आधीच अडकतात. तू तिथे शेजारी बस, मला तुझी तीच मदत हवी आहे.

देशपांडे काका, सी-१०२:
बँकेत होतो म्हणून सांगतो, खातं आधी तपासा. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला महिना ६,०००, आयटीआयला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. हे पैसे आधारवरून थेट खात्यात येतात. खातं कुठलं? एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था, तिच्याकडे आधारशी शेवटचं जोडलेलं असेल ते. मुलांची खाती दोन-तीन असतात, शाळेत स्कॉलरशिपसाठी काढलेलं एक, मोबाईलच्या दुकानात काढून दिलेलं एक. पैसे भलत्याच खात्यात पडून राहतात आणि पोरगं समजतं योजनाच खोटी. एकेकाचं मी बघून देतो. त्या मुलीला सांगा, आधार केंद्रावर नंबर बदलून घे आणि बोर्डाची मार्कशीट दाखवून नावही तिथेच दुरुस्त करून घे.

सुहास, डी-५०५:
उपक्रम चांगला आहे. पण चाकणला कारखान्यात रोज बघतो, ही मुलं टिकत नाहीत. पंधरा दिवसांत सोडतात.

मंजिरी, बी-३०४:
सुहासदादा, का सोडतात हे कोणी विचारतं का? आपल्या ड्रायव्हरदादांच्या मुलाची दुसरी शिफ्ट रात्री उशिरा सुटायची. कंपनीची बस त्यांच्या वस्तीकडे यायची नाही. रोज रिक्षाला पैसे घातले तर घरी काय द्यायचं? जाहिरातीत पगाराचा आकडा होता, बसचा रूट कुठेच नव्हता. पोरगा कामाला चांगला आहे हो, आजही काम शोधतोय.

सुहास, डी-५०५:
हे मान्य. रूट मी आमच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडून घेऊन टाकतो. आणि ज्यांच्या कंपन्या मोठ्या आहेत त्यांनी एचआरला अप्रेंटिसचं, म्हणजे काम करता करता शिकणाऱ्या मुलांचं, विचारा. १९६१ च्या कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असतील तर २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये, केंद्र उचलतं. मुलाची अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी मात्र हवी.

शुभांगी, बी-६०२:
मुलींचं थोडं वेगळं आहे. घरात फोन एकच, तोही दिवसभर भावाकडे. मुलाखतीचा कॉल आला की अनोळखी नंबर म्हणून तो कट करतो. फॉर्मवर दुसरा नंबर माझा द्या, दुपारी मी घरीच असते. कॉल आला की लगेच त्यांच्या आईला कळवीन. मुलीला शिफ्टला पाठवायला घरचे तयार नसतात, तेव्हाही मी जाऊन बोलेन. मावशी माझं ऐकतात.

सचिव:
रविवारी १० ते १२ क्लबहाउस मोकळं आहे. समितीला विचारून आज कळवतो. कृपया कोणाचंही आधार, मार्कशीट या ग्रुपवर टाकू नका.

अनिकेत, ए-७०१:
काम झालं की लॅपटॉपवरूनही काढून टाकू. प्रत्येकाला डिजिलॉकर उघडून देतो, बोर्डाची मार्कशीट त्यात मिळते. फसवणुकीचंही बोलायला हवं. आपल्या सिक्युरिटीतल्या एका मुलाचे "रजिस्ट्रेशन फी" म्हणून पैसे गेले, घरी सांगायचीही त्याला भीती वाटत होती. फार वाईट वाटलं. नोकरीसाठी कोणी पैसे मागितले की तिथेच थांबायचं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

सचिव:
समितीचा होकार आहे. चावी वॉचमनकडे ठेवतो. प्रिंटरचा कागद सोसायटी देईल.

शुभांगी, बी-६०२:
शेजारच्या सोसायटीत काम करणाऱ्या मावशी विचारतायत, त्यांची मुलं आणली तर चालतील का?

सचिव:
आणा. गेटवर माझं नाव सांगा.