ब्राझीलचे संगीत : बोसा नोव्हाच्या पुढे (आणि मागे) कसे जावे?

मंद्रसप्तक :
गेले वर्षभर मी जवळजवळ रोज बोसा नोव्हा, म्हणजे सांबातून निघालेली ब्राझीलची हळुवार गायनशैली, ऐकत आहे. सुरुवात बहुतेकांची होते तशीच, म्हणजे अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि ब्राझीलचे गायक-गिटारवादक जोआओ जिल्बेर्तो यांच्या 1964 सालच्या अल्बमने झाली. तेथून संगीतकार जोबिमच्या रचनांकडे वळलो आणि तेथेच अडकलो, कारण समुद्रकिनारा, गिटार आणि कुजबुजता आवाज यांपलीकडचे काही हाती लागेना. मागील आठवड्यात गायक शिको सायन्स आणि त्याचा वाद्यवृंद नासाओ झुंबी यांचा 1994 सालचा अल्बम योगायोगाने कानी पडला. त्यातील अजस्र ढोल आणि कर्कश विद्युत गिटार ऐकून ही दोन्ही संगीते एकाच देशातील आहेत, यावर विश्वास बसेना. या दोन टोकांच्या मध्ये जे काही आहे ते दशकांच्या क्रमाने ऐकावे, की शैलीनुसार? मला पोर्तुगीज येत नाही, हेही सांगून ठेवतो.

जुनी तबकडी :
माझ्या मते दोन्ही मार्ग कंटाळवाणे ठरतील. दशकवार ऐकणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात यादी पूर्ण करण्याच्या मागे लागतो आणि ऐकणे बाजूला राहते. त्यापेक्षा एखादे गाणे धरावे आणि ते कोणाकोणाच्या गळ्यातून गेले, याचा माग काढावा.

पहिले गाणे ‘शेगा दे साउदादे’ घ्या. जोबिमचे संगीत आणि व्हिनिसियस दे मोराइसचे शब्द असलेले हे गाणे 1958 मध्ये आधी एलिझेते कार्दोझो यांनी गायले. आवाज भरदार आणि थाट जुन्या भावगीताचा असला, तरी त्यामागची गिटार जोआओ जिल्बेर्तोची आहे. त्याच वर्षी जिल्बेर्तोने ते स्वतः गायले आणि सारे पालटले : आवाजातील कंप गेला, स्वर लहान झाला, आणि गाण्याची ओळ गिटारच्या तालाच्या किंचित पुढे किंवा मागे सरकू लागली. दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकल्यास बोसा नोव्हाने काय टाकून दिले ते कळते. तिने काय मिळवले, हे त्यानंतर कळते.

आता गिटारकडे कान द्या. सांबा हे ब्राझीलचे नृत्यसंगीत; तो दोन मात्रांचा असतो आणि ‘सुर्दो’ नावाच्या मोठ्या ढोलाचा भार त्यातील दुसऱ्या मात्रेवर पडतो. त्यावर ‘तांबोरीं’ हे छोटे चर्मवाद्य आडव्या लयीत खेळत राहते. जिल्बेर्तोचा अंगठा सुर्दोसारखा ठाय चालतो आणि बाकीची बोटे तांबोरींचे काम करतात. सांबाचा सारा ताफाच एका माणसाच्या उजव्या हातात येऊन बसला आहे. म्हणूनच तुम्हांला बोसा नोव्हाच्या पुढे जाण्याआधी मागे जावे लागेल, असे मी म्हणेन.

मागे जाताना कार्तोला यांच्यापाशी थांबा. मांगेइरा या सांबा मंडळाच्या संस्थापकांपैकी ते एक, पण स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम निघाला तो 1974 मध्ये, वयाच्या पासष्टीत; मधल्या काळात त्यांनी मोटारी धुण्याचेही काम केले. त्या आवाजात तक्रारीचा सूर नाही, हे मला आजही नवल वाटते. त्याहून मागे शोरो आहे : बासरी, गिटार आणि चार तारांचे छोटेसे काव्हाकिन्यो यांचे चपळ वाद्यसंगीत. त्यातील पिशिंगिन्या यांची ‘कारिन्योझो’ ही रचना आधी केवळ वाद्यांची होती. शब्द मिळून ती ओर्लांदो सिल्व्हा यांच्या आवाजात 1937 मध्ये आली.

शब्दवेडा :
वरील प्रतिसाद मोलाचा आहे, परंतु पोर्तुगीज येत नाही म्हणून शब्दांना वगळू नये. 1964 मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि डिसेंबर 1968 मधील पाचव्या संस्थात्मक आदेशानंतर दडपशाही अधिकच कठोर झाली. त्यानंतरचे संगीत अर्थाशिवाय ऐकले, तर ते निम्मेच ऐकल्यासारखे होईल. शिको बुआर्के यांचे 1971 चे ‘कोन्स्त्रुसाओ’ हे गाणे एका बांधकाम मजुराच्या अखेरच्या दिवसाचे आहे. त्याची प्रत्येक ओळ शेवटून तिसऱ्या अक्षरावर आघात असलेल्या शब्दाने संपते, आणि पुढे त्याच ओळी शेवटचे शब्द अदलाबदल करून पुन्हा येतात. घटना तीच राहते आणि वाक्ये मात्र भ्रमिष्ट होत जातात. हे कळण्यासाठी भाषा यावी लागत नाही. भाषांतर शेजारी ठेवून ओळींचे शेवट तेवढे मोजले तरी पुरते. त्यांच्याच ‘कालिसे’ या गाण्यात ‘प्याला’ या अर्थाचा शब्द उच्चारात ‘तोंड बंद कर’ असा ऐकू येतो. 1973 मध्ये जिल्बेर्तो जिल यांच्यासह रचलेले हे गाणे 1978 पर्यंत प्रसिद्ध होऊ शकले नाही.

अलफाया :
दोन्ही प्रतिसाद रिओभोवतीच फिरत आहेत आणि मूळ प्रश्नातील ढोल अजून अनुत्तरित आहेत. ते ढोल ‘माराकातू’चे, म्हणजे पेर्नांबुको राज्यातील मिरवणुकीच्या परंपरेचे आहेत. त्या राज्याची राजधानी रेसिफे खाड्या आणि खारफुटीच्या दलदलीवर वसली आहे. तेथील तरुणांनी 1990 च्या दशकात माराकातूला रॉक आणि हिपहॉप यांची जोड दिली आणि चिखलात रोवलेली डिश अँटेना हे आपले बोधचिन्ह मानले. त्यामुळे तुमच्या दोन टोकांमध्ये सरळ रस्ता शोधू नका. हा प्रवाहच निराळ्या डोंगरातून आला आहे.

‘जुनी तबकडी’ यांची युक्ती मात्र येथेही चालते. त्याच पेर्नांबुकोचे लुईझ गोन्झागा यांनी अकॉर्डियन, झाबुंबा ढोल आणि लोखंडी त्रिकोण यांच्या साथीवर ‘बाइआंव’ हा नृत्यप्रकार देशभर पोहोचवला. दुष्काळामुळे गाव सोडावे लागलेल्या माणसाचे त्यांचे ‘आझा ब्रांका’ हे गाणे 1947 चे आहे. बाहिया राज्यातील गायक काएतानो व्हेलोसो यांना लष्करी राजवटीने आधी तुरुंगात टाकले आणि मग देशाबाहेर घालवले. लंडनमधील त्या वास्तव्यातील 1971 च्या अल्बममध्ये, बहुतांश इंग्रजी गाण्यांनंतर, ते हेच गाणे पोर्तुगीजमध्ये गातात. अवर्षणाचे गाणे तेथे हद्दपारीचे होते आणि त्यासाठी एकही शब्द बदलावा लागत नाही.

मंद्रसप्तक :
सर्वांचे आभार. काल रात्री 1958 ची दोन्ही मुद्रणे चार-चार वेळा ऐकली. एलिझेते यांच्या गाण्यात मागची गिटार आधी ऐकूच आली नाही. एकदा सापडल्यावर मात्र दुसरे काही ऐकू येईना. आज ‘आझा ब्रांका’.