सामूहिक मेडिक्लेम सोडणारा सभासद कृतघ्न कसा ठरतो?

सनद २००३
गेल्या आठवड्यात आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी लिहिले की, वकील संघाची सामूहिक मेडिक्लेम सोडून स्वतंत्र पॉलिसी घेणारे वकील कृतघ्न आहेत, कारण धडधाकट माणसे बाहेर पडली की मागे राहिलेल्या वृद्धांचा हप्ता वाढतो. २००३ मध्ये वकिलीची सनद घेतलेला मी २०११ पासून एकही वर्ष न चुकवता हप्ता भरून यंदा बाहेर पडलो आहे, त्यामुळे तो शब्द मला लागला. त्याचे उत्तर थोडक्यात देणे मला जमणार नाही.

आपल्या पॉलिसीची मुदत दरवर्षी ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षी मी १२ मार्चला पूर्ण हप्ता संघाच्या खात्यात जमा केला आणि पावती घेतली. जुन्या कंपनीने दर वाढवून मागितला म्हणून कार्यकारिणी दुसऱ्या कंपनीशी बोलत राहिली आणि नवी पॉलिसी २० एप्रिलपासून लागू झाली. मधले १९ दिवस आपल्यापैकी कोणाच्याही डोक्यावर विम्याचे छत्र नव्हते, आणि ही गोष्ट आपल्याला कोणी कळवलीही नव्हती. ९ एप्रिलच्या रात्री माझ्या पत्नीला पित्ताशयाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल करावे लागले. रुग्णालयाच्या खिडकीवर मी कार्ड दिले, तेव्हा तिथल्या मुलीने संगणकात पाहून सांगितले की ही पॉलिसी संपलेली आहे. १ लाख १२ हजारांचे बिल मी कसेबसे भरले. पैशांचे दुःख आता राहिलेले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे करारनामे वाचणाऱ्या मला स्वतःचा विमा चालू आहे की नाही हे ठाऊक नव्हते, हे मात्र अजून सलते.

मूळ दुखणे त्या १९ दिवसांपेक्षा खोल आहे. मास्टर पॉलिसी संघाच्या नावावर असते आणि करार संघ व कंपनी यांच्यात होतो. कोणती कंपनी, रूम रेंटची, म्हणजे रुग्णालयातील खोलीच्या भाड्याची, मर्यादा किती, आई-वडिलांना घ्यायचे की वगळायचे, हे सारे तीन-चार माणसे ठरवतात आणि सभासदाला ते हप्त्याचा आकडा कळतो त्या दिवशी कळते. प्रत्येक सभासदाला विमा प्रमाणपत्र मिळाले पाहिजे असा नियम असताना इतक्या वर्षांत ते माझ्या हाती तीनदाच पडले. हे सगळे सोसून जो बाहेर पडतो, त्याला कृतघ्न म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

माजी सचिव
ज्या कार्यकारिणीवर आपण बोट ठेवले आहे तिच्यात मी होतो, म्हणून उत्तर देणे मला भाग आहे. वहिनींच्या आजारपणाचे मला तेव्हाही वाईट वाटले होते आणि आजही वाटते. परंतु हे काम कसे चालते हे आपण कधी जवळून पाहिलेले नाही. २४० कुटुंबांचे फॉर्म, मुलांच्या नावांची स्पेलिंगे, जन्मतारखा आणि फोटो हे सारे आम्ही दोघे जण कोर्ट सुटल्यावर बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, रात्री नऊपर्यंत बसून लावत होतो, आणि त्याचा एक रुपयाही आम्ही घेतला नाही. जुन्या कंपनीने ६० टक्के वाढ मागितली होती. ती जशीच्या तशी मान्य केली असती, तर सर्वसाधारण सभेत आम्हाला उभे राहू दिले नसते. शिवाय ३१ मार्चपर्यंत निम्म्याहून थोड्याच अधिक सभासदांनी हप्ता भरला होता. आपण १२ तारखेला भरलात हे खरे, पण बाकीच्यांची यादी पूर्ण होईना आणि यादीशिवाय कंपनी पुढे सरकेना. जुन्या कंपनीकडे महिनाभराची मुदतवाढ मागायला हवी होती, एवढे मी मान्य करतो. त्यापलीकडचा दोष मात्र मी घेणार नाही.

दिवाणी बाजू
सचिवसाहेब, फुकट केलेले काम हा बचाव आपण कोणत्याही विश्वस्ताच्या बाबतीत कोर्टात मान्य कराल का? वेतनातून हप्ता कापून तो आयुर्विमा महामंडळाकडे न भरणाऱ्या दिल्लीच्या वीज उपक्रमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तो उपक्रम महामंडळाचा एजंट मानला आणि दायित्व महामंडळावर टाकले. सभासदाने हप्ता संघाकडे दिला की तो कंपनीला पोहोचला, असे म्हणण्यास जागा आहे.

माजी सचिव
तो निकाल मीही वाचला आहे. तिथे नियोक्ता, वेतन आणि महामंडळाची चालू योजना होती. इथे त्या १९ दिवसांत कोणत्याही कंपनीने जोखीम स्वीकारलेलीच नव्हती, मग एजंट कोणाचा म्हणणार?

विमा कार्यालयातून निवृत्त
माझे चिरंजीव आपल्या संघाचे सभासद आहेत आणि मी स्वतः तीस वर्षे विमा कार्यालयात काढली आहेत, म्हणून लिहितो. स्वतंत्र पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे तेवढा काळ त्या आजारांचा क्लेम मिळत नाही. १ एप्रिल २०२४ पासून त्याची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली, तरीही तीन वर्षे कमी नाहीत. सामूहिक पॉलिसीत बहुधा ही अट पहिल्या दिवसापासून माफ केलेली असते, वैद्यकीय तपासणी नसते आणि बाळंतपणाचा खर्चही लगेच मिळतो. हा लाभ फुकट येत नाही. मागच्या वर्षीचे क्लेम पाहून पुढच्या वर्षीचा दर ठरतो, आणि हप्त्यापेक्षा क्लेम अधिक झाले की कोणतीही कंपनी दर वाढवते किंवा हात वर करते. आपल्या संघातील दुसरा दोष कोणीच बोलत नाही. केवळ विम्यासाठी गट बनवता येत नाही, असा नियम आहे. तरीही सनद असलेले पण वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी न चढलेले कितीतरी जण फक्त मेडिक्लेमसाठी बारचे सभासद झालेले आहेत, आणि मोठे क्लेम त्यांच्याच घरांतून येतात.

जे बाहेर पडत आहेत त्यांना एकच सांगतो. गटातून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या स्वतंत्र पॉलिसीत स्थलांतर मागण्याची सोय आहे आणि त्यात आधी हप्ता भरलेली वर्षे प्रतीक्षाकाळात धरली जातात. आपण तो अर्ज केला होता का?

सनद २००३
नाही. अशी सोय आहे हे मला त्या वेळी कोणी सांगितले नाही, आणि मी विचारलेही नाही. नव्या कंपनीकडे मी प्रतीक्षाकाळ पहिल्या दिवसापासून मोजतो आहे. ही चूक माझी आहे.

पाच वर्षांची प्रॅक्टिस
मूळ लेखात आम्हा तरुणांनाच सुनावले होते, म्हणून मी बोलते. माझे वय ३१ आहे. ६७ वर्षांच्या सभासदाला जो हप्ता आहे, तोच मला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतंत्र आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, सामूहिक पॉलिसीवर मात्र तो कायम आहे. म्हणजे १८ हजारांच्या हप्त्यावर मी ३,२४० रुपये केवळ संघाच्या गटात राहिल्याबद्दल भरते. त्याखेरीज आमच्याकडून दरवर्षी ५०० रुपये ‘कार्यालयीन खर्च’ म्हणून घेतले जातात. गटप्रमुखाने, म्हणजे इथे संघाने, सभासदांकडून हप्त्यापेक्षा अधिक रक्कम घेता कामा नये असे नियम सांगतो. हे ५०० रुपये कोठे जातात?

माजी सचिव
झेरॉक्स, टपाल आणि फॉर्म भरणाऱ्या मुलाचा मोबदला यांत. हिशेब दप्तरी आहे, येऊन पाहावा. पण विमा हप्त्याच्या पावतीत तो मिसळायला नको होता, हे बरोबर आहे.

ज्येष्ठ सभासद
मूळ लेख माझा होता आणि ‘कृतघ्न’ हा शब्दही माझाच आहे. तो मी मागे घेत नाही. १९८४ मध्ये मी सनद घेतली. २०१६ मध्ये माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा संघाच्या पॉलिसीने मला वाचवले, कारण मधुमेहामुळे त्याआधी दोन कंपन्यांनी मला स्वतंत्र पॉलिसी नाकारली होती. मी तिशीत होतो तेव्हा विमा नव्हता. ज्येष्ठ वकील आजारी पडले की आम्ही बार रूममध्ये वही फिरवायचो आणि ज्याच्या खिशात जे असेल ते लिहून द्यायचो. आज तीच वही हप्त्याच्या रूपाने फिरते आहे, आणि आजची पिढी जीएसटी मोजते आहे.

पाच वर्षांची प्रॅक्टिस
सर, आपण माझ्या वडिलांच्या वयाचे आहात, म्हणून शब्द आवरून लिहिते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून कनिष्ठ वकिलांना शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये देण्याची शिफारस केली. आपल्या जिल्ह्यात किती ज्येष्ठांनी ती वाचली? मला पहिली दोन वर्षे महिन्याला ४ हजार मिळत होते, तेही दिवाळीनंतर तीन महिने थकले होते. ज्या हातांनी आम्हाला ४ हजार दिले, त्याच हातांनी आता आमच्याकडे वही येते आणि न लिहिणाऱ्याला कृतघ्न म्हटले जाते, हे मला सहन होत नाही.

ज्येष्ठ सभासद
मला माझ्या सीनियरांनी एक रुपयाही दिला नव्हता. काम शिकवले, एवढे पुरेसे होते.

दिवाणी बाजू
साहेब, तेव्हा खोलीचे भाडे किती होते आणि आज किती आहे, हे तरी लक्षात घ्या. माझ्या ज्युनिअरला मी १२ हजार देतो आणि ते कमी आहेत हे मला ठाऊक आहे.

तालुका कोर्ट
मानधनाचा विषय महत्त्वाचा आहे, मीही त्यातून गेले आहे. पण त्याचा राग विम्यावर काढला तर पुढच्या ३१ मार्चला पुन्हा तेच होईल. माझे पहिले बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले. पॉलिसीत येऊन मला सातच महिने झाले होते, तरी ५० हजारांच्या मर्यादेपर्यंतची रक्कम मिळाली. स्वतंत्र पॉलिसीत मला वर्षानुवर्षे थांबावे लागले असते. त्यामुळे तरुणांना यातून काहीच मिळत नाही, हे मला पटत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. कॅशलेससाठी ठरवलेली सगळी रुग्णालये जिल्ह्याच्या गावी आहेत आणि आमच्या तालुक्यापासून ती ७० किलोमीटरवर आहेत. सासऱ्यांना दाखल केले तेव्हा ३ लाखांच्या पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजार होती. साधी खोली रिकामी नव्हती, म्हणून ६ हजारांची घ्यावी लागली. टीपीएने, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम पाहणाऱ्या संस्थेने, खोलीच्या भाड्याबरोबर डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, औषधे आणि तपासण्या, सगळेच निम्मे केले.

विमा कार्यालयातून निवृत्त
ताई, औषधे आणि तपासण्या निम्म्या करणे चुकीचे होते. प्रमाणशीर कपात औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना लावता येत नाही, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्येच स्पष्ट केले आहे. अतिदक्षता विभागाच्या खर्चालाही ती लागत नाही. आपण आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. महिनाभरात समाधान झाले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. सामूहिक पॉलिसीच्या तक्रारीही तिथे चालतात, शुल्क नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा होऊ शकतो. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाची मुदत मात्र पाळावी लागते. तिथे वकिलामार्फत जाता येत नाही. आपण स्वतःच तक्रारदार म्हणून उभ्या राहा.

तालुका कोर्ट
नकाराच्या पत्राला दहा महिने झाले आहेत. उद्याच अर्ज लिहिते. एवढी माहिती संघाच्या फलकावर एका कागदावर लावली असती, तर मी दहा महिने गप्प बसले नसते. दिल्लीत तर मुख्यमंत्र्यांच्या योजनेतून तिथल्या वकिलांना ५ लाखांचा मेडिक्लेम आणि १० लाखांचा जीवनविमा सरकार देते. आपल्या महाराष्ट्राचा वकील कल्याण निधीचा कायदा १९८१ चा आहे. वकालतनाम्यावर आपण इतकी वर्षे त्या निधीचा स्टॅम्प लावत आलो, त्यातून निदान हप्त्याचा काही भाग मागण्याचा ठराव तरी आपल्या संघाने कधी केला का?

ज्येष्ठ सभासद
केला नाही. १९९८ मध्ये मी अध्यक्ष होतो, तेव्हाही केला नाही.

मानधनाबद्दल मी वर जे लिहिले ते रागाच्या भरात लिहिले. ४ हजारांत कोणाचे भागत नाही, हे मला कळते. कृतघ्नतेविषयी माझे मत तेच आहे, पण ज्याचा हप्ता घेऊन संघाने १९ दिवस त्याला उघड्यावर ठेवले, त्या सभासदाला तो शब्द लागू होत नाही. त्यांच्यापुरता तो मी मागे घेतो.

सनद २००३
माझ्यापुरता मागे घेतलेला शब्द मला नको आहे. माझ्याबरोबर यंदा आणखी २२ जण बाहेर पडले आहेत आणि प्रत्येकाचे काही ना काही कारण आहे. आपल्याला वृद्धांची चिंता आहे, ती मलाही आहे. माझी आई ७४ वर्षांची आहे आणि संघाच्या पॉलिसीतून आई-वडिलांना वगळले, तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते. तरुणांना धरून ठेवायचे असेल तर वयाप्रमाणे दोन-तीन टप्प्यांचे हप्ते करा. ३१ जानेवारीपर्यंत सगळ्या कंपन्यांची कोटेशने फलकावर लावा, आणि नवी पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी संपू देऊ नका. एवढे लेखी द्या, मी परत येण्याचा विचार करीन.

माजी सचिव
मी आता पदावर नाही, पण विद्यमान सचिवांशी आजच बोललो. विम्यासाठी पाच जणांची समिती नेमायला ते तयार आहेत आणि त्यात एक सभासद तालुक्यातून व एक पस्तिशीच्या आतला असावा, असे त्यांनीच सुचवले. वयाप्रमाणे हप्ते केले तर ज्येष्ठांचा हप्ता किती वाढेल हे आधी मांडावे लागेल, आणि त्या दिवशी सभेत काय होईल हे मला आत्ताच दिसते आहे. आपले नाव समितीसाठी मी दिले आहे.

सनद २००३
समितीत येतो. मात्र त्या १९ दिवसांत विमा नव्हता आणि सभासदांना ते कळवले नव्हते, असे पत्र संघाने आधी माझ्या पत्नीच्या नावाने लिहावे. पैसे मागत नाही.

माजी सचिव
पत्राचा मसुदा मी लिहितो. खाली माझीही सही असेल.