रहस्य कळलं, तरी पुस्तक सुटत नाही

पानखूण

रहस्यकथा मी आजवर एकाच कारणासाठी वाचत आले: खून कोणी केला ते कळावं म्हणून. ते कळलं की पुस्तक माझ्यापुरतं संपतं आणि मी ते कोणाला तरी देऊन टाकते. सोडवून झालेलं गणित कोणी परत मांडत बसत नाही, असंच वाटायचं.

दोन महिन्यांपूर्वी आईची शस्त्रक्रिया झाली. रात्री तिच्या उशाशी जागायचं होतं आणि वाचायला जे हाताला लागलं ते होतं डॅफ्नी द्यू मॉरिए यांचं 'रिबेका'. सत्तावीस प्रकरणं दोन रात्रींत संपली. तिसऱ्या रात्री दुसरं पुस्तक उघडलं, चार पानं वाचली, मिटलं आणि 'रिबेका' पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. आता आई हिंडूफिरू लागली आहे आणि माझं तिसरं वाचन चालू आहे.

मला कळत नाहीये ते हे, की इथे तर शेवट लपवलेलासुद्धा नाही. पहिल्याच प्रकरणात निवेदिका स्वप्नात मँडर्ली नावाच्या घरापाशी जाते आणि आपल्याला कळतं की ते आता उरलेलं नाही. दुसऱ्यात कळतं की ती आणि तिचा नवरा परमुलखात, हॉटेलांतून दिवस काढत आहेत. म्हणजे काय होणार ते लेखिकेनं आधीच हातावर ठेवलंय. मधलं रहस्य तर मला आता पाठ आहे. तरीसुद्धा ती मुलगी, म्हणजे निवेदिका, चिनीमातीची मूर्ती फोडते आणि तुकडे पाकिटात भरून खणात मागे दडवते, तिथे माझ्या पोटात गोळा येतो. तिसऱ्यांदाही आला. घराच्या वाटेवर अचानक समोर उभी राहणारी ती रक्तासारखी लाल ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांची भिंत, पश्चिमेकडची ती बंद खोली, बिनआवाजाची वावरणारी, घराचा कारभार बघणारी डॅनव्हर्सबाई, हे सगळं मला परत परत बघावंसं वाटतं.

याला गॉथिक म्हणतात असं पुस्तकाच्या मागच्या पानावर वाचलं. मला गॉथिक म्हणजे भुतंखेतं आणि वटवाघळं एवढंच माहीत होतं. इथे तर एकही भूत नाही. मग गॉथिक म्हणजे नेमकं काय? आणि उत्तर माहीत असूनही सुटत नाही असं तुमचं कुठल्या पुस्तकाशी झालंय का? मला यानंतर काय वाचावं हेही सांगा, कारण सध्या दुसरं काहीच गोड लागत नाही.

एक विनंती, ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी रहस्यभेद करू नका.

---

उदासवाडा

पानखूण, भूत नसणं ही या प्रकाराची फार जुनी चाल आहे. जरा मागे जाऊन सांगतो.

सुरुवात होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकापासून धरतात. लंडनजवळ ट्विकनहॅमला त्याचं 'स्ट्रॉबेरी हिल' नावाचं घर होतं. मध्ययुगीन किल्ल्याची हौस म्हणून त्यानं ते कमानी, मनोरे, रंगीत काचा लावून बांधवून घेतलं होतं. 1764 मध्ये त्याला स्वप्न पडलं: एका जुन्या किल्ल्यात जिन्याच्या सर्वांत वरच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक अवाढव्य हात. उठला आणि लिहायला बसला. दोन महिन्यांच्या आत 'द कासल ऑफ ओट्रँटो' तयार. पहिल्या आवृत्तीत स्वतःचं नाव घातलं नाही. 1529 साली नेपल्समध्ये छापलेल्या एका इटालियन पुस्तकाचा हा अनुवाद आहे, अशी बतावणी केली. लोकांना आवडलं तेव्हा 1765 च्या दुसऱ्या आवृत्तीत खरं सांगितलं आणि खाली 'अ गॉथिक स्टोरी' असं लिहिलं. तिथून हे नाव चिकटलं. पहिल्याच पुस्तकात घर, जिना, स्वप्न आणि 'हे कागद कुठून तरी सापडले' ही बतावणी आहे बघा. पुढची दोन-अडीचशे वर्षं लेखक याच सामानावर संसार करत आले.

वॉलपोलकडे खरोखर अद्भुत घडतं, आकाशातून प्रचंड शिरस्त्राण पडतं. भूत घराबाहेर काढलं ते ॲन रॅडक्लिफनं. 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो', 1794. तिच्याकडे दारं आपोआप करकरतात, रात्री गाणं ऐकू येतं, पण शेवटी प्रत्येक गोष्टीला साधं, माणसांतलं कारण निघतं. त्यात काळ्या पडद्याचा एक प्रसंग आहे. नायिका पडदा उचलते, बघते आणि बेशुद्ध पडते. काय पाहिलं ते वाचकाला शेकडो पानं कळू देत नाही ही बाई!

तुमच्या पोटातल्या गोळ्याचं उत्तरही मला वाटतं तिच्यापाशीच आहे. तिचा एक लेख ती गेल्यावर 1826 मध्ये छापला गेला. त्यात ती दोन प्रकारची भीती वेगळी करते. एक 'टेरर', म्हणजे काहीतरी येणार आहे या जाणिवेची भीती. तिनं मन फुलतं, सगळ्या शक्ती जाग्या होतात. दुसरी 'हॉरर', समोर आलेल्या गोष्टीची भीती, तिनं मन आक्रसतं, गोठतं. 'हॉरर' एकदाच लागू पडतो. 'टेरर' मात्र माहीत असल्यावर वाढतो. मूर्ती फुटणार हे ठाऊक असल्यामुळेच तुम्ही चार पानं आधीपासून श्वास धरून बसता.

---

रातराणी

उदासवाडा, 'टेरर'चं पटलं. पण मला वाटतं तुम्ही घराला फार लवकर ओलांडून गेलात.

पानखूण, मी 'रिबेका' पहिल्यांदा वाचलं तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला ती प्रेमकथा वाटली. पस्तिसाव्या वर्षी वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण त्यात प्रेम फारच थोडं आहे. द्यू मॉरिए स्वतः त्याला मत्सराचा अभ्यास म्हणायच्या. प्रणयकथा म्हणून ते विकलं गेलं याचं त्यांना वाईट वाटायचं. मला ते वाईट वाटणं फार जवळचं वाटतं. बाईनं घर, लग्न आणि भीती यांबद्दल लिहिलं की त्यावर गुलाबी वेष्टण चढवायची घाई सगळ्यांनाच असते.

आणि ते घर! लेखिकेनं कॉर्नवॉलमध्ये मेनाबिली नावाचं एक जुनं, ओस पडलेलं, वेलींनी वेढलेलं घर पाहिलं होतं आणि तिचा जीव त्यात अडकला होता. मग नवऱ्याची नेमणूक इजिप्तला झाली. अलेक्झांड्रियाच्या त्या उकाड्यात, घराच्या ओढीनं व्याकूळ होऊन तिनं 'रिबेका' लिहायला घेतलं. 1938 मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणून मँडर्लीतला पाऊस, धुकं, समुद्राचा वास इतका आसुसून आलाय. पाऊस समोर पडत असता तर तिनं तो असा लिहिला नसता. पुढे 1943 मध्ये तिनं मेनाबिली खरोखर भाड्यानं घेतलं आणि पंचवीसहून अधिक वर्षं तिथे राहिली. आपलं कधीच नसणाऱ्या घरावर इतकी माया करणारी बाई होती ती. निवेदिकेचं मँडर्लीशी नातं दुसरं काय आहे?

तुम्ही तिचा उल्लेख 'ती मुलगी' असा केलात, कारण पुस्तकभर तिला नाव नाही. लेखिकेला म्हणे आधी नाव सुचेना, मग बिननावाचं निभावून नेणं हेच आव्हान होऊन बसलं. परिणाम बघा. नवऱ्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोचं, रिबेकाचं नाव मुखपृष्ठावर, आणि जिवंत बाईला नावच नाही.

मला तुम्हाला एक विचारायचंय. मूर्तीचा प्रसंग तुम्ही सांगितलात. पण दिवसा, काम करताना, मध्येच आठवतो असा प्रसंग कुठला?

---

अर्धविराम

वाचनाच्या यादीबद्दल बोलतो. कृपा करून 'ओट्रँटो'पासून सुरू करू नका. ते इतिहास म्हणून महत्त्वाचं आहे, पण 'रिबेका'नंतर हाती घेतलंत तर निराश व्हाल.

तुम्ही मुळातल्या रहस्यकथावाल्या, म्हणून विल्की कॉलिन्सचं 'द वुमन इन व्हाइट' घ्या. डिकन्सच्या साप्ताहिकात नोव्हेंबर 1859 ते ऑगस्ट 1860 असं क्रमशः आलं. गॉथिक आणि शोधकथा यांचा सांधा मला तिथे सगळ्यांत स्पष्ट दिसतो. गोष्ट अनेक जण सांगतात, न्यायालयात एकामागून एक साक्षीदार उभे राहावेत तशी. प्रत्येकानं स्वतः पाहिलं तेवढंच बोलायचं. त्यातली मॅरियन हॅलकोम्ब आणि तिची रोजनिशी तुम्हाला आवडेल याची मी खात्री देतो. रोजनिशीच्या शेवटी जे घडतं तिथे मी पुस्तक खाली ठेवून खोलीत येरझाऱ्या घातल्या होत्या.

त्यानंतर शर्ली जॅक्सनचं 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस', 1959. छोटं आहे, पण एकटं असताना रात्री सुरू करू नका. तुम्हाला हवं तसं घर त्यात आहे, आणि कोणीतरी आपल्याला आपलं म्हणतंय, या सुखातली भीतीही.

'रिबेका'वरचा हिचकॉकचा 1940 चा चित्रपट पाहिला नसेल तर तिसरं वाचन पूर्ण झाल्यावर पाहा. त्या काळच्या चित्रपटांच्या नियमावलीमुळे त्याला कथेतली एक कळीची गोष्ट बदलावी लागली. कुठली ते तुम्हाला लगेच कळेल, आणि तेवढ्या एका बदलानं नवरा हा माणूसच किती वेगळा होतो तेही.

---

पानखूण

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, दोन दिवस तेच वाचते आहे.

रातराणी, तुमच्या प्रश्नावर उत्तर लगेच आलं, पण लिहायला वेळ लागला. तो फोनचा प्रसंग. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी ती सकाळी बसायच्या खोलीत रिबेकाच्या टेबलाशी बसते. समोर कप्पे, प्रत्येकावर रिबेकाच्या हातची चिठ्ठी: उत्तर न दिलेली पत्रं, जपून ठेवायची पत्रं, जेवणाचे बेत. तेवढ्यात फोन वाजतो आणि पलीकडून कोणीतरी 'मिसेस डी विंटर?' असं विचारतं. ही सांगते, काहीतरी चूक होतेय, मिसेस डी विंटर जाऊन वर्ष उलटून गेलं. आणि मग तिच्या लक्षात येतं की फोन घरातूनच आहे, डॅनव्हर्सबाईंचा, आणि त्यांनी हिलाच विचारलं होतं.

सहा वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात हिशेबाच्या कामावर लागले. त्या खुर्चीवर माझ्याआधी एक बाई बावीस वर्षं होत्या. आजारी पडल्या आणि महिनाभरात गेल्या. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. खण उघडला की सगळ्या फायलींवर त्यांचं अक्षर, निळ्या शाईतलं, उजवीकडे झुकलेलं. 'येणे'. 'देणे'. 'तपासून झालेले'. एका फायलीवर नुसतं 'विचारून मगच'. कोणाला विचारून ते सांगायला त्या नव्हत्या. लोक वाईट वागले असं अजिबात नाही. फक्त टेबलापाशी आले की क्षणभर थांबायचे, आणि त्या थांबण्यात मी नसायचे.

पहिल्याच आठवड्यात फोन आला, पलीकडच्यांनी त्यांचं नाव घेतलं. मी म्हटलं, त्या आता नाहीत. आणि फोन ठेवला. ठेवल्यावर कळलं की मी कोण ते सांगितलं नाही, त्यांचं काम काय होतं तेही विचारलं नाही. त्या दिवशी मी बराच वेळ तशीच बसून होते. हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही घडलंय असं वाटलंच नव्हतं. आणि आईच्या उशाशी, रात्री दोनच्या सुमारास, ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच्या पुस्तकात तोच फोन वाजला.

म्हणजे मी तीनदा वाचते आहे ते रिबेकाचं काय झालं त्यासाठी नाहीच. त्या मुलीला त्या खुर्चीत नीट टेकून बसता येतं का, ते मी दर वेळी बघते आहे. उदासवाडा, 'टेरर'बद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर आहे, फक्त माझ्यासाठी ती भीती पश्चिमेच्या खोलीत कमी आणि त्या चिठ्ठ्यांत जास्त आहे.

माझ्या फायलींवरची जुनी लेबलं बदलायला मला दीड वर्ष लागलं. 'विचारून मगच' अजून आहे. ते मी काढणार नाही.

---

रातराणी

काढू नका.

मला आता ते टेबलाचं प्रकरण आजच पुन्हा वाचायचंय. तुमच्या त्या बाईंचं अक्षर आता मला त्या कप्प्यांवर दिसणार.

---

उदासवाडा

पानखूण, मी चाळीस वर्षं या पुस्तकांत काळे पडदे आणि जिने शोधत आलो. फोनचा तो प्रसंग मी दर वेळी भरभर ओलांडला असणार, मला तो नीट आठवतही नव्हता. काल रात्री काढून वाचला. तुमच्यामुळे.

---

पानखूण

'द वुमन इन व्हाइट' मिळालं. आई शेजारी झोपली आहे, मी दिवा भिंतीकडे वळवून घेतलाय. वॉल्टर हार्टराइट रात्री चांदण्यात एकटा लंडनकडे चालला आहे, रस्ता निर्मनुष्य आहे, आणि मागून कोणीतरी हलकेच त्याच्या खांद्यावर हात ठेवलाय. इथपर्यंत आलेय.