गॅलापागोस लाइव्हअबोर्ड: 45 डाइव्हज पुरेत का? ऑगस्ट की फेब्रुवारी?

खारेवारे
नमस्कार मंडळी. मी आणि माझी बहीण गेली तीन वर्षं एकाच ट्रिपसाठी पैसे साठवतोय, गॅलापागोसची आठ दिवसांची लाइव्हअबोर्ड (म्हणजे बोटीवरच राहून डायव्हिंग), वर पार वुल्फ आणि डार्विन बेटांपर्यंत जाणारी. आता बुकिंग करायची वेळ आली आणि पोटात गोळा आलाय. माझ्या 45 डाइव्हज झाल्यात, ताईच्या 60, अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स दोघांचा झालाय, नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेवर डायव्हिंगचा) फक्त तिचा. पण आमचं सगळं डायव्हिंग कोमट, शांत पाण्यातलं. जोराचा करंट मी एकदाच अनुभवलाय आणि तेव्हा घाबरून इतकी हवा ओढली की दहा मिनिटांत अर्धा सिलिंडर संपला होता. तर प्रश्न असा की एवढ्या अनुभवावर जावं का, आणि जायचंच तर व्हेल शार्कसाठी ऑगस्ट धरावा की पाणी जरा गरम असतं म्हणून फेब्रुवारी? ताईला बेटांवरचे प्राणी पण बघायचेत, ते डाइव्ह बोटीवरून होतं का? जाऊन आलेल्यांनी मनापासून सांगा, घाबरवलंत तरी चालेल.

तळठाव
मी ऑगस्टमध्ये जाऊन आलोय, त्यामुळे ऑगस्टचंच सांगतो. वुल्फ आणि डार्विन ही दोन बेटं मुख्य बेटांपासून इतकी लांब उत्तरेला आहेत की तिथे पोचायला रात्रभर बोट चालते, आमची चौदा-पंधरा तास चालली, आणि ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला असतो त्यामुळे उलटीची गोळी जेवणाआधी घ्या, नंतर घेऊन उपयोग नाही. या दोन्ही बेटांवर पर्यटकांना उतरता येत नाही, जे काय आहे ते पाण्याखाली. डार्विनसमोर जी दगडी कमान सगळ्या जुन्या फोटोंत दिसते ती 17 मे 2021 ला कोसळली, आता दोन खांब उभे आहेत, पण डाइव्ह तिथेच होते.

आता डाइव्ह कशी असते ते नीट ऐका. पोहत फिरायचं असं काही नाही. पांग्यातून (तिथे रबरी बोटीला पांगा म्हणतात) सगळ्यांनी एकदम मागे पडायचं, बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) आधीच रिकामं, सरळ खाली जायचं आणि वीस मीटरच्या आसपास काळ्या खडकाला धरून बसायचं. इतर ठिकाणी कशाला हात लावू नका म्हणतात ना, तिथे खडक धरावाच लागतो, नाहीतर करंट उचलून नेतो. खडकावर बार्नेकल (चिकटून बसलेले कवचवाले जीव) इतके धारदार की माझ्या ग्लोव्हची दोन बोटं तिसऱ्या दिवशी फाटली, आणि धरायच्या आधी कपारीत बघा, मी हात घातला तिथून वीतभर अंतरावर मोरे ईल (सापासारखा लांब मासा) तोंड उघडून बसली होती. मग नुसतं थांबायचं आणि श्वास सावकाश, कारण बुडबुड्यांचा आवाज झाला की हॅमरहेड शार्क लांब जातात. पहिल्या डाइव्हला दहा मिनिटं काहीच नाही, नुसतं हिरवट धुकं, आणि मग त्या धुक्यातून एक, चार, मग मोजणंच सोडून दिलं. डोकं डावीकडे उजवीकडे हलवत शांतपणे वरून जात राहिले.

व्हेल शार्क साधारण जून ते नोव्हेंबर. आम्हाला चार दिसले. डार्विनला येणाऱ्या बहुतेक मोठ्या माद्या असतात, पोट स्पष्ट फुगलेलं, गाभण असाव्यात असं संशोधकांना वाटतं, पण पिल्लं कुठे घालतात ते अजून कुणाला कळलेलं नाही. ती डोक्यावरून गेली तेव्हा अंधारलं एकदम, आणि मी रेग्युलेटरमध्ये रडलोय, मास्कमध्ये पाणी आलं ते समुद्राचं नव्हतं. म्हणून माझं मत विचाराल तर ऑगस्ट.

नीलिमा_डाइव्ह
मी शिकवते, त्यामुळे मी जरा वेगळं सांगणार. खारेवारे, तुमच्या 45 डाइव्हज म्हणजे नाही म्हणावं इतक्या कमी नाहीत, पण बऱ्याच बोटी किमान 50 मागतात आणि काही त्याहून जास्त. आकडा पूर्ण करण्यात अर्थ नाही, कुठल्या डाइव्हज केल्या ते बघा. तुम्ही स्वतःच लिहिलंय की करंटमध्ये हवा संपते, मग जायच्या आधी वर्षभरात करंट असलेल्या ठिकाणी दहा-पंधरा डाइव्हज करा, जाड वेटसूट घालून करा. 7 मिलिमीटरचा सूट, हूड, ग्लोव्ह घातले की वजन वाढतं, हात जड होतात, मास्क साफ करणंसुद्धा वेगळं वाटतं, आणि हे सगळं पहिल्यांदा डार्विनला शिकायचं नसतं. एसएमबी (फुगवून वर सोडायची खुणेची नळी) पाण्याखालून, हवेत अधांतरी राहिल्यासारखं स्थिर थांबून, दोरीच्या रीलचा गुंता न होऊ देता सोडता आलं पाहिजे, दोघांनाही, प्रत्येकाकडे स्वतःचं. वर आल्यावर लाटांमध्ये फक्त डोकं दिसतं, पांगावाल्याला ते दिसत नाही, ती केशरी नळी दिसते. शिट्टी आणि शक्य असेल तर जीपीएसवालं यंत्र पण ठेवा, बऱ्याच बोटी ते देतात, विचारून घ्या.

नायट्रॉक्स तुम्ही करून घ्याच. दिवसाला तीन-चार डाइव्हज, सगळ्या वीस मीटरच्या आसपास, साध्या हवेवर तुमचा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर ताईच्या आधी वर जायला सांगेल आणि तिला तुमच्यासाठी व्हेल शार्क सोडून यावं लागेल. फक्त लक्षात ठेवा, 32 टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्सवर 33 मीटरच्या खाली जायचं नाही, आणि तिथे हॅमरहेडच्या मागे मागे माणूस कधी 35 ला पोचतो कळत नाही. वुल्फला काही झालं तर मदत खूप तासांच्या अंतरावर आहे हो, म्हणून डायव्हिंगचा विमा घेतल्याशिवाय जाऊ नका.

खारेवारे
नीलिमाताई, खूप आभार, सगळं लिहून घेतलं. एसएमबी मी आत्तापर्यंत दोनदाच सोडलंय आणि दोन्ही वेळा इन्स्ट्रक्टर शेजारी होता. आता खरंच विचार करतोय की ट्रिप एक वर्ष पुढे ढकलावी. तळठाव, ते रडल्याचं वाचून बहिणीचेही डोळे भरले. पण थंडीचं काय? डार्विनला किती असतं पाणी?

तळठाव
डार्विन-वुल्फला ऑगस्टमध्ये मला 23 डिग्री मिळालं, ते ठीक आहे. खरी थंडी पश्चिमेला, फर्नांडिना आणि इसाबेलाला, तिथे 16-17. खालून थंड पाणी वर येतं म्हणून, आणि त्याच पाण्यामुळे विषुववृत्तावर पेंग्विन राहतात.

कासवगती
मी फेब्रुवारीत गेले होते, तेव्हा फेब्रुवारीच्या बाजूने पण कुणीतरी बोलायला हवं. व्हेल शार्क एकही नाही, ते खरं. पण हॅमरहेड भरपूर, समुद्र शांत, पाणी 25-26, आणि पाणी स्वच्छ होतं म्हणून थवा लांबूनच दिसायचा. करंटची भीती असेल तर फेब्रुवारीत करंट नसतो असं मात्र समजू नका, गॉर्डन रॉक्सला मी वॉशिंग मशीनमध्ये फिरावं तशी फिरले.

पण मला लिहायचंय ते फर्नांडिनाच्या काबो डग्लसबद्दल, कारण शार्कच्या नादात लोक त्याचं नावच घेत नाहीत. तिथे समुद्री इग्वाना पाण्याखाली शेवाळ खाताना बघता येतात, गॅलापागोस सोडून जगात दुसरीकडे कुठेच नाही. चार-पाच मीटर खोल, लाट आत ओढते बाहेर ढकलते, आपण खडकाला चिकटून, आणि समोर हातभर अंतरावर हा डोक्यावर मिठाचा पांढरा थर असलेला प्राणी पंज्यांनी खडक घट्ट धरून, मान वाकडी करून, दाढेने तोडावं तसं हिरवं शेवाळ ओरबाडतोय. लाट आली की तो हलत नाही, आपणच हलतो. खाऊन झालं की हातपाय अंगाला चिकटवून नुसत्या शेपटीने वर निघून जातो, मग खडकावर ऊन खात पडून नाकातून मीठ शिंकरतो. एल निन्योच्या वर्षी पाणी तापलं की हे शेवाळ मरतं आणि इग्वाना उपाशी मरतात, हे गाईडने सांगितलं तेव्हापासून बातम्यांत एल निन्यो शब्द आला की मला ती वाकडी मान आठवते.

जमिनीवरचं म्हणाल तर डाइव्ह बोटीवरून एक-दोनच ठिकाणी उतरवतात, आमचं सांताक्रूझवरची मोठी कासवं आणि एक छोटं बेट एवढंच झालं. ताईंना ब्लू फूटेड बुबी (निळ्या पायांचा समुद्रपक्षी) वगैरे निवांत बघायचं असेल तर बोटीनंतर तीन-चार दिवस सांताक्रूझला राहा. शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमान पकडायचं नसतंच, तो वेळ असा कामी येतो. आणि पैशांचा हिशोब करताना पार्कची फी वेगळी धरा, ऑगस्ट 2024 पासून परदेशी प्रौढांना 200 डॉलर झालीय, शिवाय 20 डॉलरचं ट्रान्झिट कार्ड.

दीपस्तंभ
एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितोय. 2 सप्टेंबर 2019 ला पहाटे कॅलिफोर्नियाजवळ एका डाइव्ह बोटीला आग लागली आणि खाली झोपलेले 34 जण गेले. मी त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्याच समुद्रात एका बोटीवर होतो, रात्री दोनला उठलो तर सलूनमध्ये (बोटीवरच्या बैठकीच्या खोलीत) चौदा-पंधरा कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला आणि जवळ एकही माणूस जागा नाही. बुकिंग करताना सरळ विचारा, रात्रभर पहारा कोण देतं, केबिनमधून बाहेर पडायला दुसरा मार्ग कुठे उघडतो, बॅटऱ्या कुठे चार्ज करतात. पहिल्या दिवशी तो दुसरा मार्ग स्वतः उघडून बाहेर येऊन बघा, दोघांनीही. जी कंपनी या प्रश्नांवर कुरकुर करेल तिच्या बोटीवर जाऊ नका.

खारेवारे
दीपस्तंभ, हे डोक्यातच आलं नव्हतं, तिन्ही प्रश्न ईमेलमध्ये टाकतोय. ठरलं आमचं: यंदा नाही, पुढच्या वर्षी ऑगस्टचा शेवट. तोपर्यंत माझं नायट्रॉक्स आणि करंटमधल्या डाइव्हज. बोट काबो डग्लसला नक्की थांबते ना, तेही विचारतो. नीलिमाताई, रीलला दोरी किती मीटरची घेऊ?

नीलिमा_डाइव्ह
30 मीटर. आणि घरी कोरड्यावर गुंडाळून उलगडून बघा, ग्लोव्ह घालून.