मदत हवी आहे : पहिल्या कोवळ्या गवतावर शेळ्या कधी सोडाव्यात?

मंडळी नमस्कार. आम्ही माण तालुक्यातले, जिल्हा सातारा. उस्मानाबादी शेळ्या, त्यांची करडं आणि दोन एकर मुरमाड माळ, यावरच घर चालतं. गेल्या जूनमध्ये माळ हिरवा झाला आणि आठवड्याच्या आत चार करडं गेली, तीही सगळ्यात धष्टपुष्ट. संध्याकाळी आईला पीत होती, सकाळी मान मागे टाकून पडलेली. डॉक्टरांनी शवविच्छेदन करून आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषाचा रोग, सांगितला.

यंदा मेअखेरीस सगळ्यांना आंत्रविषाराची पहिली लस टोचली, दुसरा डोस जूनच्या मध्यावर. पण वळीव जोरात झालाय, माळावर आत्ताच कोवळं गवत दिसतंय आणि कडबा संपत आलाय. एका डोसवर चारायला सोडलं तर चालेल का?

शेजारच्या रानात रब्बी ज्वारीच्या धसकटांना फुटवे आलेत, मालक म्हणतात घाला शेळ्या. घालू का? आणि या पावसात माळावर काय पेरावं? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा, करडं परत गमवायची नाहीत.

प्रतिसाद १
दादा, आधी ज्वारीचं. त्या फुटव्यात एकही शेळी जाऊ देऊ नका, किराळ लागेल, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा होईल. कोवळ्या ज्वारीत आणि धसकटाच्या फुटव्यात सायनाइड तयार करणारा घटक सगळ्यात जास्त असतो. जनावर थरथरतं, धापा टाकतं, पडतं. डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळत नाही. मालकांनाही सांगा, त्यांची गाय-म्हैस असेल तर तिलाही धोका आहे.

प्रतिसाद २
पहिल्या डोसवर भरवसा ठेवू नका. खरी ताकद दुसऱ्या डोसनंतर येते, तीही आठ-दहा दिवसांनी. आंत्रविषाराचे जंतू आतड्यात एरवीही असतात. एकदम भरपूर कोवळा चारा पोटात गेला की ते झपाट्यानं वाढतात आणि विष सोडतात. म्हणून जास्त खाणारं तगडं करडूच आधी जातं.

तोवर सकाळी कडबा किंवा वाळलं गवत पोटभर द्या, मग ऊन वर येऊन दव वाळल्यावर थोडा वेळ चारा आणि वेळ हळूहळू वाढवा. दवाच्या गवतावर जंतांच्या अळ्या चढलेल्या असतात, तोही त्रास टळतो. लेंड्या तपासून जंताचं औषध आत्ताच द्या. गाभण शेळ्यांचं मात्र डॉक्टरांना विचारूनच.

धागाकर्ता
मनापासून आभार. कडबा जपून वापरला तर जून निघेल, वर सुबाभळीचा पाला थोडा थोडा देईन. माळाचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद ३
मुरमाड माळाला स्टायलो हमाटा चांगला. द्विदल आहे, जमिनीला नत्र देतो आणि शेळ्या आवडीनं खातात. सोबत मारवेल किंवा अंजन गवत लावा. बी बारीक असतं, खोल गाडू नका. मातीत मिसळून फोकायचं आणि वरून काट्याची फांदी फिरवायची. साल कठीण असल्यानं बी गरम पाण्यात थोडा वेळ भिजवून घ्या, उगवण सुधारते.

पण एक अट पाळा. पेरलेल्या भागावर पहिल्या वर्षी चराई नको, कापूनच घाला. पूर्ण माळ एकदम पेरू नका, निम्मा यंदा, निम्मा पुढच्या साली. नाहीतर शेळ्या चरायला नेणार कुठं? उताराला आडवे चर काढलेत का? नसतील तर पेरणीआधी काढा, बी वाहून जाणार नाही.

आणि १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आजच टाका.